देवाच्या पायाची लेव्हल

मी भित्री आहे, हे आधीच सांगून टाकते. साइटवर मला ठेकेदाराशी भांडताना पाहिलेल्या माणसाला हे पटणार नाही. पण ते भांडण वेगळं. तिथे मी बरोबर असते म्हणून आवाज चढतो. मी चुकलेली असले की आवाज बसतो आणि तोंडातून खोटं बाहेर पडतं, इतकं सहज की माझं मलाच ते नंतर समजतं.

भंडाऱ्यात आमचं आर्किटेक्टचं ऑफिस म्हणजे एका कापड दुकानाच्या माडीवरच्या दोन खोल्या. सर, मी आणि नकाशे काढणारा एक जण. सरांनी उमेदीची वर्षं नागपुरात काढली आणि मग 'तिकडे आर्किटेक्ट पायलीला पन्नास' म्हणत गावी परत आले. मी विणकरांच्या घरातली. माझ्या वडिलांना माझं काम शेवटपर्यंत कळलं नाही. ते लोकांना सांगायचे, पोरगी नकाशे काढते, आणि लोक समजायचे मी भूमी अभिलेखच्या ऑफिसात आहे. बंगल्यांची कामं नागपूरवाले घेऊन जात. आमच्या वाट्याला शाळेच्या खोल्या, आठवडी बाजाराचे ओटे आणि घरकुलं.

दिघोरीकडच्या एका गावात मोठा जुना तलाव आहे. त्याच्या पाळीवर, म्हणजे मातीच्या बांधावर, ढिवरांची अठरा घरं होती, पिढ्यान्‌पिढ्या मासे धरणारी माणसं. पाळीची दुरुस्ती निघाली म्हणून ती घरं उठवायची ठरली आणि तलावाच्या वरच्या अंगाला, पाण्याला लागून असलेली गावठाणाची एक पट्टी त्यांना मिळाली. तिथे अठरा घरकुलं बसवायचं काम आमच्याकडे आलं.

घरकुल म्हटलं की एका साच्यातले डबे ओळीत मांडायचे, अशी रीत. मला ते करायचं नव्हतं. मी कागदावरचा नकाशा कुणाला दाखवलाच नाही. जागेवर चुन्याच्या फक्कीने एक घर खऱ्या मापात आखलं आणि लोकांना म्हटलं, आत राहून पाहा. बायका दाराच्या जागेतूनच आत शिरल्या, रेषा ओलांडून कुणी आलं नाही. एकीने चुलीची जागा ठरवली आणि तिथे बसून हवा कुठून येते ते पाहिलं. एक जण जाळं पसरून बघू लागला. जिला पुढे अकरा नंबरचं घर मिळालं ती बाई तर तान्ह्या पोरीला पोटावर घेऊन खोलीत सरळ आडवी झाली. तिचे पाय रेषेला टेकले. "हातभर वाढवा जी मॅडम," ती म्हणाली, "माहा नवरा माह्याहून उंच हाये." सगळे हसले आणि मी खोली हातभर वाढवली. जोतं फार उंच नको, डोक्यावर माशांची टोपली घेऊन पायऱ्या चढणं जिवावर येतं, हेही तिनेच सांगितलं. मी वहीत लिहून घेतलं. माझी छाती फुगली होती. लोकांना विचारून घरं बांधणारी जिल्ह्यात मीच पहिली, असा माझा समज होता.

तलावाकाठी घर बांधायचं तर पाणी जास्तीत जास्त कुठवर येतं हे आधी कळायला हवं. त्यावरून जोत्याची उंची ठरते. मी तेही लोकांनाच विचारलं. त्यांच्या मच्छीमार संस्थेचे म्हातारे अध्यक्ष, ज्यांना सगळे बाबाजी म्हणत, मला काठावरच्या एका शेंदूर फासलेल्या गोट्याजवळ घेऊन गेले. "हा आमचा तलावाचा देव," ते म्हणाले. "पाणी याच्या पायाले लागते न थांबते. वर नाई जात." मी आणखी चार जणांना विचारलं. चौघांनीही तेच सांगितलं. एक म्हणाला, "देवाले बुडवन का जी पाणी?" मी लेव्हलचं यंत्र लावलं, गोट्याच्या पायाशी मापाची पट्टी उभी करायला लावली, आकडा घेतला आणि घरांचं जोतं त्याच्या दोन फूट वर धरलं.

खरं तर तलावाची लेव्हल सांडव्यावरून घेतात. तलाव भरला की जास्तीचं पाणी जिथून बाहेर पडतं तो दगडी बांध म्हणजे सांडवा. त्याच्या माथ्यापर्यंत पाणी कधी ना कधी चढणारच, हे कॉलेजातल्या पहिल्या वर्षाच्या पोरालाही ठाऊक असतं. पण सांडवा पाळीच्या पार दुसऱ्या टोकाला, मे महिन्याची दुपार, आणि वाटेत बेशरमाची झुडपं पुरुषभर वाढलेली. मी डोक्याला ओढणी गुंडाळून अर्ध्यापर्यंत गेले आणि परत फिरले. ऑफिसात सरांनी विचारलं, "सांडव्याची लेव्हल?" मी म्हटलं, "घेतली, जुळते." सरांनी सही केली.

घरं वर्षभरात झाली. चांगली झाली, हे मी आजही म्हणेन. पुढच्या आषाढात अठराही घरांची घरभरणी एकाच दिवशी ठेवली होती. भरड्याचे वडे, कढी, भात, आणि मला मानाचं पान. मी बाबाजींच्या शेजारी बसले होते. बोलता बोलता सहज विचारलं, देवाला पार का नाही बांधत, इतकी वर्षं उघड्यावरच ठेवलाय तो.

बाबाजी हसले. "पार कसा बांधाचा जी मॅडम, देव एका जागी राह्यते कुठं?"

मग त्यांनी सांगितलं ते असं. वर्षातून एकदा तरी तलावाचं पाणी देवाच्या पायाला लागलं पाहिजे, हा त्यांचा नेम. लागलं की पूजा करायची आणि पूजा झाली की मगच त्या वर्षीचं नवं जाळं तलावात पडायचं. पाणी नाही लागलं तर जाळं नाही. पण मध्यंतरी पाऊस कमी होत गेला आणि पाणी देवापर्यंत पोचेना. "मंग का उपाशी मराचं?" बाबाजी म्हणाले. "पाणी देवाजवळ येत नाई तं देवालेच नेलं पाण्याजवळ. कोहळा फोडला, माफी मांगतली, आणला खाली. दोन-तीन सालानं अजून खाली आणला."

"किती वेळा?"

"तीन खेपा. नाई, चार."

"आणि पहिली जागा कुठं होती?"

त्यांनी कढीचा हात वर करून दाखवलं. चढावर एक मोहाचं झाड होतं. "त्या मोहाच्या बुडाशी. माह्या बापाच्या टायमाले तठंच होता."

मोहाचं झाड नव्या घरांच्या मागे होतं. म्हणजे देवाची मूळ जागा घरांच्याही वर, आणि त्या जागेपर्यंत एके काळी पाणी दर साली येत होतं.

माझ्या तोंडातला घास तोंडातच फिरायला लागला. मी ताटावरून उठले, बरं वाटत नाही म्हणाले. बाबाजींनी मला फसवलं नव्हतं. त्यांच्या लेखी ते वाक्य खरंच होतं, पाणी देवाच्या वर जात नाही. देव हलतो हे मला वेगळं सांगावं असं त्यांना सुचलंच नाही, कारण अख्ख्या गावाला ते माहीत होतं. आणि मी, लोकांना विचारणारी मोठी शहाणी, मी तेवढं सोडून बाकी सगळं विचारलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी यंत्र घेऊन परत गेले. बाबाजींनी पट्टी धरायला एक माणूस दिला. झुडपं तोडत आम्ही सांडव्यापर्यंत पोचलो. मी तीनदा मोजलं. सांडव्याचा माथा घरांच्या फरशीपेक्षा एक फूट वर होता. म्हणजे तलाव फक्त भरला, नुसता रीतसर भरला, तरी अठरा घरांत फूटभर पाणी. त्यात सांडव्याचं तोंड बेशरमाने बुजलेलं, तेव्हा पाणी माथ्यावर तुंबून आणखी किती चढेल याचा हिशेबच नव्हता. पट्टी धरणाऱ्याने विचारलं, "जमलं का जी?" मी म्हटलं, "जमलं."

इथे मी कुणाला तरी सांगायला हवं होतं. सरांना, बाबाजींना, तहसीलच्या साहेबांना, कुणालाही. मी नाही सांगितलं. गेली कित्येक वर्षं तलाव अर्धाच भरतोय, याही वर्षी अर्धाच भरेल, उन्हाळ्यात सांडव्याचं तोंड साफ करून घेऊ, माथा थोडा उतरवून घेऊ, कुणाला कळणारही नाही, असं मी मनाशी घोकत होते. आमच्या धंद्यात नाव एकदा गेलं की गेलं. सरांची सही होती त्या नकाशावर. माझ्या खोट्यावर त्यांची सही. ते समोर चहा पीत बसलेले असायचे आणि माझ्या तोंडापर्यंत शब्द यायचे नि परत जायचे.

मग मी जे केलं त्याची मला सगळ्यात जास्त लाज वाटते. मी पाऊस पडू नये म्हणून देवाची करुणा भाकली. आमचा जिल्हा धानाचा. आषाढ-श्रावणात पाऊस ओढ देतो तेव्हा भाताची रोवणी अडून माणसं आभाळाकडे डोळे लावून बसतात. आमच्या घरमालकाचं करडी गावाला शेत आहे, तो रोज जिना उतरताना म्हणायचा, "पाणी नाई तं काईच नाई, ताई." मी मान हलवायची आणि मनात म्हणायची, नको पडू दे बाबा, एवढं साल नको पडू दे.

ते लोक जमिनीवर झोपतात. ते चित्र माझ्या डोक्यातून जात नव्हतं. नवी गुळगुळीत फरशी, त्यावर एक चटई, त्यावर ओळीने माणसं. घरं आखताना त्यांना आडवं होऊन पाहिलेलं होतं मी, कोण कुठे झोपणार हे मला पाठ होतं. मी रोज फोन करायला लागले. अकरा नंबरच्या बाईचा नंबर माझ्याकडे होता. पाणी कुठवर आलं, मी विचारायची, आणि संशय नको म्हणून तिच्या पोरीचंही विचारायची, खोकला गेला का, चालते का आता. ती सगळं सांगायची. एकदा म्हणाली, "मॅडम, तुमचा आमच्यावर बहुत जीव हाये जी. अठी कोणी असं इचारत नाई." मी फोन ठेवला आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले.

श्रावण कोरडाच गेला. माझा जीव थोडा भांड्यात पडला होता. पण पोळा झाला आणि आभाळ फाटलं. चार दिवस सलग पाऊस. वैनगंगा फुगल्याच्या बातम्या, इकडचा रस्ता बंद, तिकडचा पूल बंद. माझी पाचावर धारण बसली. पाचव्या दिवशी सकाळी तिचाच फोन आला. आवाजात नुसता आनंद. "मॅडम, देवाच्या पायाले पाणी लागलं! आज पूजा हाये. बाबाजी म्हणतेत, पहिलं कुंकू मॅडमच्याच हातानं. यावंच लागते तुमाले."

मी कशी पोचले मला आठवत नाही. दोन ठिकाणी पाण्यातून गाडी काढली. पोचले तेव्हा पाऊस थांबून थांबून येत होता आणि सगळी वस्ती काठावर जमली होती. बायकांनी धुतलेली लुगडी नेसली होती, कुणी डफ आणला होता. लाल मातकट पाणी गोट्याच्या पायाशी हलत होतं. किती वर्षांनी पाणी आपल्या पायांनी चालत आलं, असं एक म्हातारी मला सांगत होती. देवाला खाली आणावं लागलं नाही, याचा तो आनंद. त्यांनी माझ्या हातात कुंकवाची वाटी दिली. मी वाकले. माझं लक्ष पाण्याकडे होतं आणि कुंकू देवाला न लागता पाण्यात पडलं. आरती सुरू असताना मी एकाच ठिकाणी पाहत होते. गोट्यावर शेंदराचा एक ओघळ होता. आरती सुरू झाली तेव्हा तो पाण्याच्या वर होता आणि संपली तेव्हा नव्हता.

"बाबाजी," मी म्हटलं, "घरं खाली करा."

त्यांना वाटलं मी काही वेगळं म्हणतेय. मी परत म्हटलं, या खेपेला जोरात. डफ थांबला. एक जण समजावायला लागला, "मॅडम, भेऊ नोका, पाणी देवाच्या वर..."

"देव तुमीच आणला ना खाली?" मी म्हटलं. "त्या मोहापासून आणला ना? सांडवा तुमच्या फरशीच्या फूटभर वर हाये. तलाव भरला की पाणी घरात येते. जोतं माझं चुकलं. मी चुकवलं."

माणसं एकदा मोहाकडे, एकदा घरांकडे, एकदा पाण्याकडे बघत होती. त्यांच्या चेहऱ्यावर माझी भीती उतरताना मला दिसत होती. मग गर्दीतून कुणीतरी विचारलं, "हे कवा मोजलं तुमी?"

"काल," मी म्हटलं.

बाबाजींनी माझ्याकडे पाहिलं. सांडव्यावर पट्टी धरायला माणूस त्यांनीच दिला होता, आषाढात. त्यांनी पाहिलं, आणि तोंड फिरवून म्हणाले, "चला गा. धान्य आधी काढा. मंग जाळे."

दुपारभर सामान निघालं. मीही कोठ्या उचलल्या, कोंबड्या धरल्या, कुणाची तरी शिलाई मशीन डोक्यावरून गावच्या शाळेत नेली. सरांना फोन केला तेव्हा रडायलाही वेळ नव्हता. मी म्हटलं, सांडव्याची लेव्हल मी घेतलीच नव्हती. सर म्हणाले, "आधी माणसं काढ. बाकीचं मी बघतो." संध्याकाळपर्यंत अठराही घरं रिकामी झाली होती आणि माणसं शाळेच्या वर्गांत होती.

पाणी दुसऱ्या दिवशी दुपारी घरात शिरलं. गुडघ्याच्या खाली राहिलं. गड्यांनी दोरीला धरून सांडव्याचं तोंड मोकळं केलं नसतं तर कमरेला गेलं असतं. कुणी दगावलं नाही, एक भिंत तेवढी खचली. पुढच्या उन्हाळ्यात आम्ही आत भर घालून फरश्या उचलल्या, त्यामुळे दारं ठेंगणी झाली आणि खिडक्या गुडघ्याशी आल्या. आता त्या घरांत उंच माणसाला वाकून शिरावं लागतं. सरांनी मला काढलं नाही. त्या दिवसापासून प्रत्येक साइटची लेव्हल ते स्वतः जाऊन बघतात, गुडघे दुखत असले तरी, आणि मला काही विचारत नाहीत.

पण मला सांगायचं आहे ते शाळेतलं. तिसऱ्या दिवशी दुपारी मी तिथे तांदूळ आणि ब्लँकेटं घेऊन गेले होते. पाऊस थांबला होता. एका वर्गात अकरा नंबरची बाई सतरंजीवर बसली होती. पोरगी तिच्या शेजारी झोपलेली. तिने सरकून मला जागा केली, मी बसले, पोरगी आम्हा दोघींच्या मध्ये आली. समोर भिंतीला टेकून बाबाजी जाळ्याची गाठ मारत होते. तिने मला चहा दिला. मग काही वेळाने, रागाने नाही, सहज विचारावं तसं तिने विचारलं.

"मॅडम, तुमी रोज फोन करत होत्या, पाणी कुठवर आलं म्हणून. ते काहून जी?"

बाबाजींचा हात थांबला. त्यांनी मान वर केली नाही. मला 'काळजी वाटायची' असं म्हणता आलं असतं, ते सुद्धा खोटं नव्हतं. म्हातारा गप्प बसला असता. मी कपातल्या चहाकडे बघत होते.

"मले मालूम होतं," मी म्हटलं. "काल-परवा नाही. आषाढापासून मालूम होतं."

ती हिशेब करत असावी, कारण तिचे ओठ हलत होते. बाहेर पोरं चिखलात ओरडत होती. तिने शिवी दिली असती तर मी घेतली असती, पायाशी पडले असते. वाकून तिने झोपलेली पोरगी उचलली आणि माझ्या बाजूने काढून आपल्या पलीकडच्या अंगाला निजवली.